लॉट नंबर नसलेली बॅटरी

पोस्टिंग दिल्लीची आणि घर गाझियाबादला. सरकारी क्वार्टरच्या यादीत माझं नाव जिथे आहे तिथून वरचं टोक दुर्बिणीतूनही दिसत नाही, म्हणून वैशालीत भाड्याने राहतो. हिंडनला उतरणाऱ्या विमानांचा आवाज येतो. विमान दिसेलच असं नाही, ते हवेच्या मर्जीवर. नोव्हेंबरात हवेचा निर्देशांक चारशेच्या वर जातो, सरकारी भाषेत त्याला ‘गंभीर’ म्हणतात, आणि आमच्या सोसायटीतले निवृत्त लोक मास्क लावून बागेत फेऱ्या मारतात. त्याच बागेच्या भिंतीमागे सोसायटीतली पोरं कलिंगडाच्या वासाचे ढग सोडतात. आजचं भांडण त्या ढगांशी आहे. पण शेवटी ते माझ्याशीही आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा भाचा इथे जवळच्याच एका कॉलेजात इंजिनीअरिंग शिकतो. वय एकोणीस. हॉस्टेलवर राहतो आणि शनिवार-रविवार मामीच्या हातच्या पांढऱ्या रश्श्यासाठी आमच्याकडे येतो. एका शनिवारी तो उशिरा आला, तोही लंगडत. मांडीवर तळहाताएवढं बँडेज. मेट्रो स्टेशनवरून ई-रिक्षाने येताना खिशातली पॉवर बँक पेटली, असं त्याने मला सांगितलं. दवाखान्यातही तेच सांगितलं. डॉक्टरांनी भाजल्याची मलमपट्टी केली, इंजेक्शन दिलं, घरी पाठवलं.

मी सिग्नल्सचा माणूस. महूला आम्हाला आधी बॅटरी शिकवली आणि मग रेडिओ. पेटलेली पॉवर बँक दाखव म्हटलं तर ती म्हणे फेकून दिली. मग मी त्याची फाटलेली पँट बघितली. खिशाच्या अस्तराला किल्ल्यांचा जुडगा वितळून चिकटला होता आणि कापडावर लांबट, बोटाएवढा जळका ठसा होता. पॉवर बँक चपटी असते. हा ठसा गोल नळीचा होता. मी एवढंच म्हटलं, “बॅग उघड.”

बॅगेत पितळी नळी निघाली, जाड, हातात धरली की पोलिसाच्या टॉर्चसारखी. तिच्या डोक्यावर एक बुटकी डबी, डबीत दोन खांब, खांबांमध्ये स्प्रिंगसारखी गुंडाळलेली तार आणि तारेतून ओवलेला कापूस. शेजारी कापसाची पुडी, तारेचं रीळ, चिमटा, इवलासा स्क्रू ड्रायव्हर आणि तीन बाटल्या. भाचा मान खाली घालून म्हणाला, “मामा, हे आरडीए आहे.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रिबिल्डेबल ड्रिपिंग अ‍ॅटमायझर असं त्याचं पूर्ण नाव. पोरं ‘ड्रिपर’ म्हणतात. ई-सिगारेटच्या साध्या नळीत द्रव भरलेली टाकी असते आणि तार कारखान्यातून बसवून येते. ड्रिपरला टाकीच नसते. तार आपण गुंडाळायची, कापूस आपण भरायचा, त्यावर बाटलीतून थेंब थेंब द्रव टाकायचा, चार-पाच दम मारायचे, पुन्हा थेंब टाकायचे. द्रवात ग्लिसरीन, प्रोपिलिन ग्लायकॉल, वास आणि निकोटीन. तारेचा रोध जितका कमी तितका प्रवाह जास्त, तितका ढग मोठा. कापूस कोरडा पडला की जळतो, आणि मग घशात वाफेऐवजी करपलेला धूर उतरतो. त्यात फॉर्माल्डिहाइडसारखी द्रव्यं असतात. पोरं त्याला ‘ड्राय हिट’ म्हणतात आणि खोकून हसतात.

त्या संध्याकाळी मी हसलो नाही, ओरडलोही नाही. आधी आमच्या डॉक्टर मित्राला फोन लावला. आम्ही दोघे खडकवासल्याला एकाच स्क्वाड्रनमधले, नंतर तो वैद्यकीय शाखेत गेला. तो पलीकडून खेकसला. लिथियमची बॅटरी फुटते तेव्हा नुसती आग नसते, आतलं रसायनही कातडीवर येतं. जखमेचा सामू तपासावा लागतो, धुण्याची पद्धत त्यावर ठरते. डॉक्टरला बॅटरी अंगावर फुटली हे नीट सांगितलंच नसेल तर त्याने तपासायचं कशावरून? “उचल आणि परत ने, आणि या वेळी खरं सांगायला लाव.” आम्ही गेलो. तोवर पाच तास उलटले होते. जखम वरून दिसली त्याहून खोल निघाली. दीड महिना पट्ट्या बदलाव्या लागल्या आणि पोराचे सेमिस्टरचे दोन पेपर गेले.

त्या डॉक्टरांचा काडीचाही दोष नाही. त्यांच्याशी खोटं बोललं गेलं होतं. मी भाच्याला विचारलं, का बोललास? तो म्हणाला, “मामा, बॅन आहे ना. पोलीस केस झाली असती. तुमचं नाव आलं असतं.”

माझा पहिला वाद इथे सुरू होतो.

१८ सप्टेंबर २०१९ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पत्रकार परिषदेत ई-सिगारेटवर बंदी जाहीर केली. आधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने कायदा केला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा आणि जाहिरात, सगळ्यावर बंदी. साठा सोडला तर पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. ही यादी पुन्हा वाचा. त्यात ‘ओढणारा’ नाही. जवळ बाळगण्याबद्दल वकिलांनी हवा तेवढा कीस पाडावा, पण दवाखान्यात भाजून आलेल्या पोराने डॉक्टरला खरं सांगितलं तर तो गुन्हेगार ठरत नाही. हे एकोणीस वर्षांच्या मुलाला कोणी सांगितलं नाही. त्याला विकणाऱ्याने तर नक्कीच नाही. विकणाऱ्याला गिऱ्हाईक घाबरलेलंच बरं असतं. घाबरलेलं गिऱ्हाईक तक्रार करत नाही.

म्हणजे झालं असं, की ज्याच्यासाठी कायदा केला तो विक्रेता मोबाइलवर निरोप पाठवून घरपोच माल देतो, आणि ज्याला कायद्याने वगळलं तो पोरगा कायद्याला भिऊन डॉक्टरशी खोटं बोलतो. जिकडे भीती हवी तिकडे ती नाही आणि जिकडे नको तिकडे पाच तास पुरेल एवढी आहे.

आता दुसरी बाजू. भाच्याचा एक मित्र त्याला भेटायला घरी आला. हुशार मुलगा. मी चहा दिला आणि त्याला बोलू दिलं. त्याने माझ्यापुढे चार मुद्दे ठेवले. ते खोटे नाहीत, म्हणून एकेक घेतो.

पहिला मुद्दा: सिगारेटपेक्षा हे कमी घातक आहे. मान्य. सिगारेटचं टोक आठशे-नऊशे अंशांवर जळतं, त्यातून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड येतो, आणि शेकडो विषारी द्रव्यं. वाफेत जळणं नाही, निदान कापूस ओला आहे तोवर नाही. ब्रिटनचं आरोग्य खातं सिगारेट ओढणाऱ्यांना खुशाल सांगतं की ती सोडून इकडे या. सोडण्यासाठी निकोटीनच्या च्युइंगगमपेक्षा हे यंत्र जास्त उपयोगी पडतं, असं कोक्रेनच्या आढाव्यातही आहे. पण ब्रिटन हे कोणाला सांगतं? ओढणाऱ्याला. आणि कसं देतं? टाकी दोन मिलिलिटरची, बाटली दहाची, निकोटीन मिलिलिटरला वीस मिलिग्रॅमच्या आत. एवढं करूनही शाळकरी पोरं नादी लागली, तेव्हा वापरून फेकायच्या नळ्यांवर तिथे १ जून २०२५ पासून बंदी आली. माझ्या भाच्याने आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही. त्याला तो वास सहन होत नाही. ज्याला कोंडलंय त्याच्यासाठी ते बाहेर पडायचं दार असेल. माझा भाचा बाहेर मोकळा फिरत होता, तो त्याच दाराने आत शिरला. दार एकच आहे म्हणून दिशाही एकच होत नाही.

दुसरा मुद्दा: ही कला आहे. तार गुंडाळणं, रोध मोजणं, हवेचं भोक जुळवणं, हा छंद आहे. खरं सांगू? मला मोह झाला. त्या पोराने दाखवलेली गुंडाळी माझ्या मेकॅनिकच्या तोंडात मारेल इतकी सुबक होती. पण छंद ओळखायची एक साधी परीक्षा आहे. तिकिटं गोळा करणाऱ्याला दोन दिवस अल्बम दिला नाही तर तो चिडचिड करत नाही, त्याचे हात कापत नाहीत, रात्री दोनला उठून तो अल्बम शोधत नाही. माझा भाचा जखमेच्या तिसऱ्या रात्री बॅग शोधत उठला होता. मी हॉलमध्ये जागाच होतो. त्या वेळी त्याला तार गुंडाळायची नव्हती.

आणि कशासाठी ही कला? अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या शाळकरी मुलांची पाहणी येलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये छापली. ई-सिगारेट ओढून बघितलेल्या दर चारांतल्या एकाने हे थेंब टाकून ओढणं केलं होतं. का, असं विचारल्यावर सर्वांत जास्त मुलांनी उत्तर दिलं: ढग दाट होतो म्हणून. त्यानंतर चव, त्यानंतर घशाला बसणारा झटका. सिगारेट सोडायला मदत होते, हे पहिल्या तीन उत्तरांत नव्हतं.

तिसरा मुद्दा: अपघात बॅटरीने झाला, ड्रिपरने नाही. सुटी बॅटरी किल्ल्यांबरोबर खिशात ठेवणं ही चूक होती. प्लॅस्टिकच्या डबीत ठेवली असती तर काही झालं नसतं. ओहमचा नियम शिका, डबी वापरा, सगळं सुरक्षित आहे.

पोरा, ओहमचा नियम मी तुझ्या जन्माआधी शिकलो. चल, मांडू. भरलेली बॅटरी ४.२ व्होल्टची. तुमची गुंडाळी ०.१५ ओहमची. भागाकार केला तर २८ अँपिअर. या पितळी नळीत ना फ्यूज ना सर्किट. बटण दाबलं की बॅटरी आणि तार समोरासमोर. १८६५० मापाची चांगली, जास्त प्रवाहाची बॅटरी वीस-पंचवीस अँपिअर देते. लॅपटॉपच्या पॅकमध्ये त्याच मापाची बॅटरी असते, अठरा मिलिमीटर जाड आणि पासष्ट लांब, पण तिची ताकद पाच-सहा अँपिअरची. दोघी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. वरचं रंगीत प्लॅस्टिकचं वेष्टण काढलं की ओळखू येत नाहीत, आणि ते वेष्टण मीटरवर विकत मिळतं. गरम हवेची फुंकर मारली की जुनी बॅटरी नवी होते आणि पाच अँपिअरची तीस अँपिअरची होते.

आपण राहतो कुठे? पूर्व दिल्लीत सीलमपूर आणि गाझियाबादेत लोणी. देशभरातला इलेक्ट्रॉनिक भंगार जिथे येऊन फोडला जातो, त्यातली ही दोन मोठी ठिकाणं. लॅपटॉपचे पॅक उकलून त्यातल्या जिवंत बॅटऱ्या वेगळ्या काढणं हा तिथला रोजचा धंदा, आणि त्या माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे, त्यांच्यावर माझा राग नाही. माझा प्रश्न तुला आहे. बेकायदा विक्रेत्याकडून, बिलाशिवाय, निरोपावर मागवलेली तुझी बॅटरी कुठून आली? तू वेष्टणावरचा आकडा वाचलास. वेष्टण कोणी चढवलं ते वाचता येत नाही.

माझ्या कामात दारूगोळ्याच्या प्रत्येक पेटीवर लॉट नंबर असतो. कारखाना कोणता, साल कोणतं, घान कोणता, हे त्यावरून कळतं. एखाद्या लॉटमधला एक राऊंड फायरिंग रेंजवर गडबडला तर त्या नंबरचा सगळा माल, तो लडाखमध्ये असो की जैसलमेरला, बाजूला काढता येतो. रेडिओच्या बॅटरीचंही रजिस्टर असतं: कधी आली, किती वेळा चार्ज झाली, कधी बाद करायची. नवा रंगरूटसुद्धा लॉट नंबर खोडलेली पेटी उघडणार नाही. उघडली तर सुभेदारसाहेब त्याला मैदानाला किती चकरा मारायला लावतील ते मी सांगत नाही. आणि तू तसलीच पेटी ओठांपासून चार बोटांवर धरून बटण दाबतोस.

‘नीट वापरलं तर सुरक्षित’ हे वाक्य मी नोकरीत बऱ्याच चौकशी समित्यांत ऐकलंय. सुरक्षितता ही सर्वांत हुशार माणसाच्या सर्वांत चांगल्या दिवशी मोजायची नसते. ती थकलेल्या माणसाच्या वाईट दिवशी मोजायची असते. म्हणून आम्ही हत्यार रिकामं आहे हे माहीत असतानाही ते उघडून दाखवतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळात ई-सिगारेट पेटल्या-फुटल्याच्या १९५ घटना नोंदवल्या. त्यांच्या नौदलाने मे २०१७ पासून जहाजांवर, पाणबुड्यांवर आणि विमानांत ही यंत्रं बाळगायलाच बंदी केली. कारण बॅटऱ्या फुटत होत्या, आणि जहाजावर आग लागली की पळायला जागा नसते. ते खलाशी काही ओहमचा नियम न शिकलेले नव्हते. २०१८ मध्ये फ्लोरिडात अशीच यांत्रिक नळी तोंडाशी फुटून एक माणूस मेला. तुझी फक्त मांडी भाजली, हे तुझं नशीब. त्यात तुझं कौशल्य काही नाही.

चौथा मुद्दा त्या पोराने शेवटी राखून ठेवला होता. कोपऱ्यावरच्या पानवाल्याच्या खोख्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, “सर, तिथे सिगारेट मिळते. सुटी मिळते. ती लाखो लोकांना मारते आणि ती लीगल. मग आमचंच काय वाकडं?”

आणि इथे, मित्रहो, माझी गोळी संपली.

कारण तो बरोबर आहे. या देशात तंबाखूने वर्षाला तेरा लाखांच्या आसपास माणसं मरतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरचे २८.६ टक्के लोक तंबाखू या ना त्या रूपात घेत होते. उत्तर प्रदेशात ३५.५ टक्के, आपल्या महाराष्ट्रात २६.६. गुटखाबंदी महाराष्ट्राने २०१२ मध्ये केली, उत्तर प्रदेशाने २०१३ मध्ये. मग दुकानदाराने काय केलं? पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी लटकवली. गिऱ्हाईक दोन्ही एका हातात ओतून मळतं, आणि कायदा त्या तळहातापाशी येऊन थांबतो. सुट्या सिगारेटवर महाराष्ट्राने २०२० मध्ये बंदी घातली. तुमच्या नाक्यावरच्या टपरीवर जाऊन एक मागून बघा.

एक गोष्ट एका सकाळी बंद होते आणि दुसरी शंभर वर्षांत होत नाही, याचं कारण मला घरातच माहीत आहे. आमचं मूळ गाव निपाणीच्या बाजूचं. आजोबा तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहीत. लहानपणी सुट्टीत त्यांचा डबा घेऊन गेलो की वखारीच्या दारातच शिंका सुरू व्हायच्या. आत बायका तोंडाला पदर बांधून तंबाखू चाळत बसलेल्या असत. १९८१ मध्ये शरद जोशींच्या मागे तंबाखूचे शेतकरी याच निपाणीत पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले. गोळीबार झाला, शेतकरी मेले. त्या मालाला भाव मिळावा म्हणून माणसांनी जीव दिलाय. तंबाखूच्या मागे शेत आहे, वखार आहे, विड्या वळणाऱ्या लाखो बायका आहेत, कर आहे, मतं आहेत. सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीत आयुर्विमा महामंडळाचा सुमारे पंधरा टक्के हिस्सा आहे. म्हणजे तुमच्या-माझ्या विम्याच्या हप्त्याचा एक धागा तिथे जातो. वाफेच्या मागे या देशात कोणी नव्हतं. ना शेतकरी, ना कामगार, ना मतदारसंघ. म्हणून ती बंद करणं सोपं होतं. सोपं होतं म्हणून चुकलं, असं मी म्हणत नाही. सोपं ते करून अवघड ते झालं असं समजणं, हे चुकलं.

पण पोरा, तुझ्या मुद्द्यातून तुझा निष्कर्ष निघत नाही. शेजारच्या घराला आग लागलीय आणि ती कोणी विझवत नाही, म्हणून आपल्या घरात काडी ओढायची परवानगी मिळते का? सिगारेट दुकानात आहे, यावरून सिगारेटशी आणखी कडक वागायला हवं एवढंच सिद्ध होतं. तुझ्या बाटलीत काय आहे ते त्याने सिद्ध होत नाही. ‘गाझियाबादची हवा तशीही दिवसाला दहा सिगारेटी पाजते’ हे वाक्यही मी त्या दिवशी ऐकलं. हवेने छाती आधीच भरलीय म्हणून वर आणखी भरायचं, हा हिशेब कोणत्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतात?

इतकं बोलून मला वाटलं मी जिंकलो. मित्र गेल्यावर भाचा म्हणाला, “मामा, एक विचारू? तुमच्या कपाटात, युनिफॉर्मच्या मागे, पाकीट असतं ना?”

असतं. म्हणजे होतं. पहिली सिगारेट मी अकादमीत ओढली, रगड्याच्या एका रात्रीनंतर, बाथरूमच्या मागे, तिघांत एक. पुढे पोस्टवर ती सवय झाली. उंचावर रात्रीच्या ड्युटीत संत्रीच्या शेजारी उभं राहून एक शिलगावणं यात मला भाईचारा वाटायचा, आणि तो होताही. पण त्या संत्र्यांतल्या किती पोरांनी साहेब ओढतो म्हणून ओढायला सुरुवात केली, याचं रजिस्टर मी ठेवलं नाही. भाच्याला सिगारेटचा वास सहन होत नाही असं मघाशी लिहिलं. तो वास त्याने लहानपणी माझ्याच शर्टाला घेतला होता. ‘मामासारखं व्हायचं नाही, काहीतरी स्वच्छ हवं’ म्हणून तो वाफेकडे गेला. हे त्याने मला चिडून सांगितलं नाही. सहज सांगितलं, म्हणून जास्त लागलं.

कायद्याचा दुटप्पीपणा मी आता तावातावाने लिहिला. माझ्या कपाटात त्याचीच छोटी प्रत होती.

म्हणून माझं म्हणणं तीन वाक्यांत. विक्रेत्याला पकडा, निरोपावर माल घरपोच देणारा जिथे एकोणीस वर्षांच्या मुलाला सापडतो, तिथे तो पोलिसालाही सापडू शकतो. जे वाफेला लावलं त्याची निदान अर्धी कडकाई खोख्यावरच्या सुट्या सिगारेटला आणि जोडपुडीला लावा, नाहीतर पोरांच्या चौथ्या मुद्द्याला उत्तर देता येणार नाही. आणि कॉलेजांच्या भिंतींवर ‘बंदी आहे’ अशा पाट्यांच्या शेजारी आणखी एक पाटी लावा: भाजलं, दम लागला, छातीत दुखलं तर डॉक्टरला खरं सांगा, तुम्हाला कोणी तुरुंगात टाकणार नाही.

गणवेशातल्या माणसाने धोरणावर बोलू नये हे मला माहीत आहे. मी मामा म्हणून बोललो.

आमच्या घरी जे झालं ते असं. पितळी नळी, तार आणि बाटल्या मी फेकल्या नाहीत. भाच्याने स्वतः फेकाव्यात म्हणून आठ दिवस टेबलावर तशाच राहू दिल्या. नवव्या दिवशी त्याने अट घातली: दोघांचं एकदम. मी कपाटातून पाकीट आणलं. बॅटऱ्या कचऱ्यात टाकू दिल्या नाहीत; टोकांना चिकटपट्टी लावून त्या ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात दिल्या. मग १८००-११२-३५६ या तंबाखूमुक्तीच्या सरकारी क्रमांकावर आम्ही दोघांनी फोन लावला, स्पीकरवर. पलीकडच्या बाईंनी विचारलं, “कोणासाठी आहे?” दोघेही एकदम म्हणालो, “दोघांसाठी.”

या गोष्टीला आज सात महिने झाले. भाचा एकदा घसरला, मी दोनदा. घसरलो की एकमेकांना सांगायचं, एवढाच आमचा नियम आहे. ताईला यातलं अजून काही माहीत नाही; तिला पॉवर बँकच माहीत आहे. हे छापण्याआधी भाच्याला वाचायला दिलं, तर तो म्हणाला, “मामा, आता आईलाही खरं सांगावं लागेल.”

रविवारी फोन करणार आहोत.